किक हलकी झाली. दोष रिंगचा की व्हॉल्व्हचा?

बुलेटची किक पूर्वीसारखी घट्ट लागत नाही, चढावर गाडी धापा टाकते, सकाळी सुरू व्हायला दहा-बारा किका लागतात. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा मालक ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेला, की 'इंजिन काम निघालंय' हे उत्तर बहुधा ठरलेले असते. मग सिलिंडर बोअर केला जातो, पिस्टन आणि रिंगा नव्या पडतात, बिल हजारांत जाते. आणि काही दिवसांत किक पुन्हा हलकी! अशा वेळी दोष अनेकदा रिंगांत नसून हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये असतो.

१९५५पासून मद्रासमध्ये बनू लागलेली ही गाडी या जुन्या इंजिनासह २०१०च्या सुमारापर्यंत बाजारात येत होती. तिच्या एकाच सिलिंडरवर दोन व्हॉल्व्ह असतात. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे तेहेतीस वेळा उघडतो आणि मिटतो. जळालेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवरूनच बाहेर पडत असल्याने तो लालबुंद होण्याइतका तापतो. ही उष्णता मुख्यत्वे व्हॉल्व्ह सीटवर टेकतो त्या क्षणी हेडमध्ये उतरते. तो पूर्ण टेकलाच नाही, तर उष्णतेला वाट राहत नाही. कड जळते, तिला खाच पडते आणि कॉम्प्रेशन निसटू लागते.

टेकत का नाही? सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट संपते. पेट्रोलमधील शिसे पूर्वी सीटवर पातळ थर धरून तिला जपत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि मऊ सीटच्या जुन्या इंजिनांचे हे संरक्षण गेले. पण मालकांची हौसही कमी जबाबदार नाही. टॅपेट वाजतो म्हणून तो आवळून घेतला जातो. खरे तर थोडा वाजणारा टॅपेट परवडला. एकाएकी गप्प झालेला टॅपेट काळजीचा.

म्हणून इंजिन खोलण्याआधी टॅपेट पाहावा. इंजिन रात्रभर थंड झालेले आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, मात्र वर-खाली हलता कामा नये. त्यानंतर डीकॉम्प्रेसरची केबल. ती ताणलेली असेल, तर त्याचा छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि लक्षणे हुबेहूब जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दिसतात. केबल सैल केल्याबरोबर बरी झालेली 'इंजिन कामे' थोडी नाहीत.

तरीही किक हलकीच असेल, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून किक मारून पाहावी. कॉम्प्रेशन वाढले तर दोष रिंगांचा. फरक पडला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. खात्री हवी असल्यास जुन्या प्लगला नळी जोडून कॉम्प्रेसरची हवा आत भरावी. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो. ब्रीदर पाइपातून जोरात आली तर रिंगा.

हेड उतरवल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे आणि घाई नेमकी इथेच होते. आधी गाइड तपासावा. व्हॉल्व्हची दांडी त्यात डुगडुगत असेल, तर पहिल्यांदा गाइड बदलावा. कारण सीट कापण्याचे कटर गाइडच्याच आधाराने फिरते. गाइड वाकडा-झिजलेला असताना कापलेली सीट वाकडीच होणार. त्यानंतर सीट कापून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवावा. कड जळालेला किंवा वाकलेला व्हॉल्व्ह घासत बसू नये, नवाच घालावा. पुण्यात नाना पेठेत असे सुटे भाग मिळतात. पेस्टचा कण राहिला, तर तो नवा गाइड खातो. म्हणून हेड रॉकेलने स्वच्छ धुवावे. स्प्रिंगा चढवल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून काही मिनिटे थांबावे. व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली, तर पुन्हा घासावे लागेल. गॅरेजवाला कितीही घाईत असो.

हेड चढवताना गॅस्केट नवे हवे. नव्याने बसवलेला व्हॉल्व्ह सुरुवातीला आणखी थोडा रुततो, त्यामुळे चार-पाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॅपेटची फट पुन्हा मोजून घ्यावी लागते.