रक्ताची पिशवी लागू नये म्हणून

सकाळी 7. वॉर्डात राऊंड. आज ज्यांचं ऑपरेशन आहे ते काका धडगावकडचे. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कर्करोगाची गाठ. पहिल्यांदा आले तेव्हा हिमोग्लोबिन जेमतेम 7. उजवीकडची गाठ डोळ्यांना दिसणारही नाही इतकं थोडं थोडं रक्त घालवते, माणूस नुसता दमत जातो. नंदुरबारात असा पांढराफटक माणूस आला की पहिला संशय सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा, आणि तो रास्तच आहे. काका वाहक निघालेही. पण नुसत्या वाहकाचं रक्त इतकं उतरत नाही. उतारवयात अंगातलं लोह कमी झालं असेल, तर आतडं दुर्बिणीतून पाहायलाच हवं. हे मी दर नव्या डॉक्टरला सांगतो.

शिरेतून लोह दिलं, हिमोग्लोबिन 10 च्या पुढे गेलं. रक्त चढवलं असतं तर आकडा दोन दिवसांत सुधारला असता. पण परकं रक्त घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती दबते. 1973 मध्ये ओपेल्झ आणि तेरासाकी या संशोधकांना दिसलं, की आधी रक्त घेतलेल्यांच्या शरीरात रोपण केलेलं मूत्रपिंड जास्त टिकतं. मूत्रपिंडाला जे पथ्यकर, ते कर्करोगात नको. रक्त दिलेल्या आतड्याच्या रुग्णांत रोग उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. असे रुग्ण मुळात अधिक आजारी असतात हेही खरं. तरी जीवावर बेतल्याशिवाय मी पिशवी मागवत नाही.

9. ओटी. भूलतज्ज्ञ मॅडमनी सलाईन कोमट करून ठेवलंय, अंगावर गरम हवेचं पांघरूण. वाहकालाही गारठा, प्राणवायूची कमतरता आणि पाण्याची तूट सोसायला लागू नये. शिवाय वेदना, थंडी, रक्तस्राव यांनी अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल वाढतं आणि कर्करोगाच्या पेशी टिपून मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी काही दिवस मंदावतात. गाठ हलवताना सुटलेल्या पेशी रक्तात असण्याचा काळही नेमका हाच.

10 ते दुपारी 1. रक्तवाहिनी मुळाशी बांधली, आतड्याचा भाग त्याच्या पडद्यासकट अखंड काढला. घाई केली नाही. पिशवी लागली नाही.

1.30. मुलगा रक्त द्यायला सकाळपासून थांबलाय. "डॉक्टरसाहेब, माझं कधी घेणार?"
"बाबांना नाही लागलं, भाऊ. रक्तपेढीत द्या. इथं सिकलसेलच्या लेकरांना रोज लागतं."

4. पॅथॉलॉजीला फोन. किमान 12 लसिकाग्रंथी तपासा, आणि डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएमआर प्रथिनांची चाचणीही करा. ती प्रथिनं हरवलेल्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींची गर्दी असते. अशा गाठींना नेदरलँड्समध्ये ऑपरेशनआधीच इम्युनोथेरपी दिली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांची गाठ जवळजवळ नाहीशी झाली होती.

5.30. ओपीडी. शहाद्याच्या ताई, आतड्याच्या कर्करोगाची केमो संपून वर्ष झालं. रक्तातली कर्करोगाची खूण, सीईए, ठीक. त्यांना 2025 चा अभ्यास सांगितला: केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी 80 टक्के रोगमुक्त, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत 74. शेतातलं काम होतंच, म्हणाल्या. मी म्हटलं, तरी रोज वेगळं झपाझप चाला, आणि पुढच्या खेपेला किती चाललात ते मला सांगा.