आत्याच्या हातच्या वस्तू पुढे कशा द्यायच्या?



आजचा भाग घरगुती आहे. घरातलं वडीलधारं माणूस जातं आणि मागे त्यांच्या हातच्या वस्तू राहतात. कुणासाठी शिवलेली गोधडी, कुणाला विणून दिलेला स्वेटर, रुखवतातलं मण्यांचं तोरण. दागिने आणि जमीन यांच्या वाटणीला कागद असतो, वकील असतो. या वस्तूंना काहीच नसतं. म्हणून त्या ट्रंकेत पडून राहतात, नाहीतर घर बदलताना कुठेतरी जातात.

आमची थोरली आत्या बेळगावची. दोन वर्षांपूर्वी वारली. तिचं घर रिकामं केलं तेव्हा तिनं केलेल्या सतरा वस्तू माझ्याकडे बेंगळुरूला आल्या. आम्ही भावंडं पाच, पुढची पिढी नऊ जणांची, आणि त्यांतले निम्मे देशाबाहेर. मला वाटणीचा अनुभव नव्हता, पण चार्ज देण्या-घेण्याचा होता. फौजेत तीस वर्षं तेच केलं. तीच पद्धत इथे वापरली.

ऑफिसर्स मेसमध्ये चांदीच्या वस्तू असतात. प्रत्येकीवर कुणी दिली, कधी दिली, हे कोरलेलं असतं आणि त्या सगळ्यांची नोंदवही असते. नवा लेफ्टनंट आला की त्याला एकेका वस्तूची हकीकत माहीत करून घ्यावी लागते. देणारा कधीच गेलेला असतो, तरी पलटण त्याला ओळखते. नोंद नसती तर ती नुसती चांदी राहिली असती. घरच्या गोधडीचंही तसंच आहे.

पहिली पायरी: यादी. वाटायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. चार गोष्टी लिहा: कुणी केली, कुणासाठी, साधारण कधी, कशापासून. जे आठवत नाही ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आमच्या काकूंनी गोधडीवर हात फिरवून सांगितलं की आतलं हिरवं कापड आजीच्या इरकलीचं आहे. ही माहिती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. मग हे सगळं सुती फितीवर पक्क्या शाईनं लिहून फीत वस्तूच्या कडेला टाक्यांनी बसवा. सुटी चिठ्ठी हरवते.

दुसरी पायरी: कुणाला द्यायचं. फौजेत अशा कामाला बोर्ड बसवतात. ज्याचा त्या वस्तूत संबंध आहे, तो बोर्डात नसतो. आम्ही तिघांचं बोर्ड केलं: माझी बहीण, एक वहिनी आणि धाकट्यांपैकी एक भाचा. तिघांनीही स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. मी बाहेर राहिलो, कारण पेच माझ्याच घरातला होता.

इरकलीच्या त्या गोधडीवर दोघांचा जीव होता. मी फील्डवर असताना माझा मुलगा दोन वर्षं आत्याकडे शिकायला होता. तो त्याच गोधडीत झोपायचा. दुसरी माझी पुतणी, तिला नुकतंच बाळ झालं होतं. कुणीतरी सुचवलं, कापून दोघांना अर्धी अर्धी द्या. पण गोधडीचे थर धावदोऱ्यानं एकमेकांना धरलेले असतात. मधून कापली की टाके सुटू लागतात आणि जुनं सूत उसवत जातं. दोघांकडेही गोधडी राहिली नसती.

बोर्डानं ती बाळाला दिली, पण फिरत्या ढालीसारखी. घरात पुढचं बाळ आलं की ती त्याच्याकडे जाणार. मुलाला वाईट वाटलं, मलाही वाटलं. तो आठवडाभर माझ्याशी फारसं बोलला नाही. मग पुतणीनंच त्याला फोन केला आणि म्हणाली, दादा, फितीवरचा मजकूर तू लिही. आज त्या फितीवर त्याचं अक्षर आहे.

आणखी एक. एखादा मुलगा नको म्हणाला तर आग्रह करू नका. आमच्याकडे दोघांनी स्वेटर नाकारले. ते ज्याला हवे होते, त्याला दिले.

एक शंका हमखास येते. गेलेल्या माणसाची वस्तू बाळाला कशी द्यायची? काही घरांत गेलेल्याचे कपडे कुणी वापरत नाही. त्याचा मान ठेवावा. पण आत्यानं स्वतः नेसलेलं लुगडं वेगळं आणि तिनं दुसऱ्यासाठी केलेली वस्तू वेगळी. ती तिनं हयातीतच देऊन टाकलेली असते. शिवाय तान्ह्या बाळाला जुनं मऊ सुतीच आपल्याकडे चांगलं मानतात. दुपटी, कुंच्या एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातातच.

तिसरी पायरी: जपणूक. बेंगळुरूला जूनपासून पाऊस असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर जास्त. दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या कपड्याला बुरशी येते. धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा. खळ काढून ठेवा, कसर खळीवर येते. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या अळ्यांना घामाचे, खाण्याचे डाग आवडतात, म्हणून ठेवण्याआधी स्वच्छ हवं. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका आणि बाळाच्या वस्तूंजवळ तर ठेवूच नका. वर्षातून दोनदा बाहेर काढून घडी बदला, नाहीतर घडीवरच कापड विरतं. कडक उन्हात रंग उडतो, वाऱ्याच्या सावलीत पसरा. ओली गोधडी फार जड होते. एका टोकाला धरून उचलू नका, दोरीवर टाकू नका, चादरीवर आडवी वाळवा.

मग वापरायची की जपायची? पुण्यात दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते राज्य सरकारला दिलं. तिथे दिवे, अडकित्ते, फण्या, अशा रोजच्या वापरातल्याच वस्तू आहेत. लोकांनी त्या वापरल्या म्हणूनच बघायला मजा येते. माझं मत असं: मजबूत असेल ते वापरा, विरत आलं असेल ते कापडात गुंडाळून ठेवा आणि सणाला बाहेर काढून मुलांना हात लावू द्या.

आणि हे सगळं माणूस गेल्यावरच सुरू करायला हवं असं नाही. घरात कुणी अजून शिवत-विणत असेल, तर या रविवारी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसा. ही कुणासाठी केलीस, हे कापड कुठलं, एवढंच विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.