गावाचा संघ, पगारी संघ
टांगा (टांझानिया), आमच्या वार्ताहराकडून

टांझानियात तुमची ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, सिम्बा की यांगा? दोन्ही फुटबॉल क्लब दार-ए-सलामचे. यांगा 1935 चा, सिम्बा 1936 चा. 2014 साली अझाम हा क्लब जिंकला, त्यानंतर देशाचं विजेतेपद या दोघांच्या घराबाहेर गेलेलं नाही. पण हा देश चालतो कसा हे बघायचं असेल, तर उत्तरेकडच्या या बंदराच्या गावी यावं आणि खालच्या श्रेणीतल्या आफ्रिकन स्पोर्ट्सची मॅच बघावी.

टांगा एके काळी घायपातावर श्रीमंत झालेलं गाव. जर्मनांनी 1893 मध्ये घायपात इथे आणलं आणि त्याच्या दोरखंडांनी जगभरची जहाजं बांधली गेली. पुढे 1967 नंतर मळे सरकारी झाले, नायलॉनची दोरी आली, भाव पडले. गावात आजही जर्मन इमारती आहेत, सायकली भरपूर आहेत, घाई मात्र कुणालाच नाही. (नोव्हेंबर 1914 मध्ये मुंबईहून आलेली सुमारे 8,000 हिंदी-इंग्रज फौज इथे जर्मनांच्या मूठभर फौजेकडून हरली. ऐन लढाईत मधमाश्यांची मोहोळं उठली होती. आग्यामोहोळ काय करतं हे आपल्याकडच्या जंगलातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.)

तर फुटबॉल. इथल्या लीगच्या तक्त्यात जेकेटी, म्हणजे लष्कराच्या राष्ट्रीय सेवेचा संघ दिसतो. टांझानिया प्रिझन्स हा तुरुंग खात्याचा, मतिब्वा आणि कागेरा हे साखर कारखान्यांचे. मतिब्वाने तर 1999 आणि 2000 अशी सलग दोन वर्षं विजेतेपद मिळवलं. आपल्याकडचे साखर कारखाने आमदार घडवतात, इथले सेंटर फॉरवर्ड. हे सगळे पगारी संघ. शिपाई खेळाडू हरला तरी महिन्याच्या महिन्याला पगार घेतो आणि गुडघा गेला तरी त्याची नोकरी राहते. गडचिरोलीत पोलीस दल गावोगावच्या पोरांसाठी कबड्डी-व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतं. तीच खाकी इथे थेट लीगमध्ये उतरली आहे, असं समजा.

आफ्रिकन स्पोर्ट्स आणि त्याचा भाऊबंद-वैरी कोस्टल युनियन हे मात्र गावाचे संघ. सभासद, वर्गणी, निवडणूक, आणि निवडणुकीनंतरची भांडणं. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, त्याला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. कोस्टलने 1988 मध्ये देश जिंकला होता. त्या संघातल्या खेळाडूंची नावं इथले म्हातारे अजून बोटांवर मोजून दाखवतात. आणि 2016 मध्ये काय झालं? आफ्रिकन स्पोर्ट्स, कोस्टल आणि याच प्रांतातला मगाम्बो हे तिन्ही संघ एकाच हंगामात वरच्या लीगमधून खाली घसरले. त्या वर्षी टांगाला मोठं फुटबॉल उरलंच नाही. कोस्टल दोन वर्षांनी परत वर गेला, 2022 मध्ये कपच्या अंतिम सामन्यात यांगाला 3-3 असं रोखून पेनल्टीवर हरला. आफ्रिकन स्पोर्ट्स मात्र खालीच अडकला.

कारण खेळात शोधू नका, बसच्या भाड्यात शोधा. हा देश महाराष्ट्राच्या तिप्पट मोठा. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बुकोबाला मॅच असली की हजार किलोमीटरच्या वर प्रवास, वर मुक्काम आणि जेवण. 2021 मध्ये अझामने वरच्या लीगच्या प्रक्षेपणासाठी 10 वर्षांचा 225 अब्ज शिलिंगांचा करार केला, पण खालच्या श्रेणीत असे पैसे कुठून येणार? हा अझाम म्हणजे बाखरेसा शेठचा पसारा. पीठ त्यांचं, आइस्क्रीम त्यांचं, झांझिबारची बोट त्यांची, टीव्ही त्यांचा आणि संघही त्यांचाच.

मैदान तरी गावाचं असेल? तेही नाही. मक्वाक्वानी स्टेडियम सत्ताधारी सीसीएम पक्षाचं आहे. एकपक्षीय राजवटीत पक्ष आणि सरकार यांत फरकच नव्हता. 1992 मध्ये बहुपक्षीय पद्धत आली, पण देशभरातली अनेक स्टेडियम पक्षाकडेच राहिली. आपल्याकडे तालुका क्रीडा संकुलाची चावी एखाद्या पक्षाच्या कार्यालयात टांगलेली असती, तर काय गहजब झाला असता! इथे माझ्याशी कुणी त्याचा उल्लेखही केला नाही. मला हे फुटबॉलपेक्षा जास्त बोलकं वाटलं.

मध्यंतरात कॉफीवाला फिरतो. एका हातात निखाऱ्यावर ठेवलेली उंच पितळी किटली, दुसऱ्या हातात एकमेकांवर किणकिणणारे बिनकानाचे चिमुकले कप. कडू कॉफी आणि सोबत काशाता, म्हणजे थेट आपली शेंगदाण्याची चिक्की. कॉफीबरोबर गप्पा क्लबच्या मालकीवर येतात. सरकारी धोरणानुसार क्लब कंपनी झाला तरी 51 टक्के शेअर सभासदांचे राहतात आणि शेठला 49. सिम्बाच्या सभासदांनी उद्योगपती मोहम्मद देवजींना याच वाटणीवर घेतलं. टांगाच्या आशा मात्र तेलावर आहेत, कारण युगांडाहून 1,443 किलोमीटरची तेलवाहिनी इथेच, चोंगोलियानीच्या किनाऱ्यावर येते. तेल कंपनीने संघ दत्तक घेतला तर चालेल का, असं मी कॉफीवाल्याला विचारलं. तो आफ्रिकन स्पोर्ट्सचा. कप विसळत म्हणाला, “तेलवाल्यांनी खुशाल कोस्टल घ्यावा. आम्हाला फक्त बसचं डिझेल द्यावं.”