दोन मुलांची प्रेमकथा आणि घरातल्या बायका

आजचा विषय मालिकांचा आहे, पण सासू-सुनेच्या मालिकांचा नाही. तुमच्या घरातली कॉलेजला जाणारी लेक रात्री कानात इयरफोन घालून मोबाईलवर काहीतरी बघत असते. गालात हसते, मधेच डोळे पुसते, आणि तुम्ही जवळ गेलात की मोबाईल पालथा ठेवते. ती बघते ती बरेचदा कोरियाची नाहीतर थायलंडची मालिका असते. त्यातल्या काही मालिकांत प्रेम जुळतं ते मुलाचं आणि मुलीचं नाही, दोन मुलांचं. ऐकून काहीजणींच्या भुवया वर गेल्या असतील. आम्ही अंधेरी, घाटकोपर, मुलुंड भागात राहणाऱ्या बायका. आमच्यातही यावरून कुजबुज झाली. मग ठरवलं, आधी बघू, मग बोलू.

या मालिकांना ‘बॉइज लव्ह’ म्हणतात. पोरं थोडक्यात ‘बीएल’ म्हणतात. हा प्रकार मूळचा जपानचा. तिथे १९७० च्या दशकात काही बायकांनी मुलींच्या मासिकांसाठी चित्रकथा काढल्या, आणि त्यांत दोन मुलांचं प्रेम दाखवलं. तिथून हे लोण थायलंडला गेलं. २०१४ मध्ये तिथे ‘लव्ह सिक’ ही मालिका आली, २०१६ मध्ये ‘सोटस’ आली, आणि मग दरवर्षी रांगच लागली. गंमत अशी, की या मालिका बघणाऱ्यांत भरणा मुली-बायकांचाच आहे.

बायकांना दोन मुलांची गोष्ट का आवडावी? आम्ही आपसात बोललो तेव्हा एकीने नेमकं सांगितलं. “आपल्या मालिकेत प्रेम म्हटलं की पुढे मुलीचं वाटोळं ठरलेलं. हुंडा, सासू, मूल होत नाही, नवरा बाहेर जातो. इथे दोघं सारखेच. कुणी कुणाचं घर सोडून जात नाही, कुणी कुणाच्या ताटाखालचं मांजर होत नाही.” दोन बरोबरीच्या माणसांचं प्रेम बघायची ही भूक आहे. ती भूक खरी आहे, तिला हसायचं कारण नाही. पण ती मालिका ही भूक भागवते का, हा खरा प्रश्न.

आम्ही एक मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत बघितली. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती आमच्यातल्या एकीची लेक वाचून सांगत होती. मालिकेचं नाव ‘टुगेदर’, म्हणजे ‘एकत्र’. २०२० च्या फेब्रुवारी ते मे या काळात तिचे तेरा भाग आले. तेव्हा लोक लॉकडाऊनमुळे घरात कोंडले होते, त्यामुळे ती देशोदेशी बघितली गेली.

गोष्ट साधी आहे. टाइन नावाचा कॉलेजचा मुलगा. त्याच्या मागे ग्रीन नावाचा एक मुलगा लागलाय. त्याला टाळायचं म्हणून टाइन सारावत नावाच्या, गिटार वाजवणाऱ्या, सगळ्या कॉलेजच्या लाडक्या मुलाला गळ घालतो, की तू माझा खोटा-खोटा प्रियकर हो. खोट्याचं हळूहळू खरं होतं. पहिले सात-आठ भाग आम्ही मजेत बघितले. पोरं देखणी, गाणी गोड, कुणी कुणाला मारत नाही, कुणाच्या चहात विष कालवत नाही.

मग हिरमोड सुरू झाला. पहिली गोष्ट त्या ग्रीनची. तो जरा नाजूक चालतो, हात हलवून बोलतो. आपल्याकडे अशा मुलाला लोक ‘बायल्या’ म्हणून चिडवतात. मालिकेतही त्याचं काम लोकांना हसवण्याचंच. म्हणजे नायक दोघं मर्दानी दिसतात म्हणून त्यांचं प्रेम ते प्रेम, आणि ग्रीनचं प्रेम म्हणजे चेष्टा. गावातल्या ज्या पोराला शाळेपासून टोमणे खावे लागतात, तो हे बघून काय समजेल? हेच, की इथेही आपली जागा विदूषकाची.

दुसरी गोष्ट, दोघांचं जमल्यावर मालिकेला पुढे काय करावं तेच सुचत नाही. शेवटाकडे सारावतची जुनी ओळखीची मुलगी येते, टाइन गैरसमज करून घेतो, विचारत काहीच नाही, रुसून बसतो. एका वाक्यात मिटणारा गैरसमज ताणत नेणं आपल्याला नवीन नाही. आपल्या रोजच्या मालिका त्याच्यावरच चालतात. आणि मुलगी आली ती कशाला? तर दोघांच्या मधे यायला. तिचं स्वतःचं काही नाही. दुसऱ्याही बऱ्याच बीएल मालिकांत मुलीच्या वाट्याला एकतर खलनायिकेचं काम येतं, नाहीतर दोघांना बघून टाळ्या वाजवणाऱ्या मैत्रिणीचं.

तिसरी गोष्ट घराची. तेरा भागांत आईवडील जवळपास दिसतच नाहीत. भाऊ दिसतात, मित्र दिसतात, पण “आईला कसं सांगू” हा प्रश्नच कुणाला पडत नाही. थायलंडमध्ये तो कुणाला पडत नाही असं नाही. मालिकेला तो नको असतो, कारण तो आला की गोडवा जातो. या मालिकांत जोडी विकली जाते. तीच दोन नटांची जोडी पुढे जाहिरातींत दिसते, चाहत्यांच्या मेळाव्यात दिसते. मालिका चालू असतानाच मधे कुणीतरी थंड पेयाची बाटली नाहीतर क्रीमची डबी कॅमेऱ्यासमोर धरतं. धंदा जोडीवर असेल तर जोडीला खऱ्या अडचणीत कोण टाकणार?

या प्रकारातल्या आणखी दोन खोडी सांगायला हव्यात. एक, काही मालिकांत एक मुलगा झोपलेल्या किंवा दारू प्यायलेल्या दुसऱ्यावर हात टाकतो, आणि पुढे त्यालाच प्रेम म्हटलं जातं. मैत्रिणींनो, मुलीच्या मागे लागून, तिला अडवून, शेवटी तिला ‘हो’ म्हणायला लावणारा सिनेमातला हिरो आपण आयुष्यभर बघितला. हा त्याचाच भाऊ. समोर मुलगा आहे म्हणून जबरदस्तीचं प्रेम होत नाही. दुसरी खोड, दोघांतल्या एकाला ‘बायको’ म्हणायची. तो लाजणार, रुसणार, सांभाळून घेतला जाणार. म्हणजे बरोबरीचं प्रेम बघायला बसावं, तर तिथेही एकाला वरचा पाट आणि दुसऱ्याला खालचा.

आता आमच्या अंधेरीकडे येऊ. सासू-सुनेच्या मालिका ज्यांनी घराघरात पोचवल्या त्या बालाजी टेलिफिल्म्सचं ऑफिस अंधेरी पश्चिमेला आहे. त्यांच्याच ‘ऑल्ट बालाजी’ने मोबाईलवर बघायच्या मालिका काढल्या. त्यात २०१७ मध्ये ‘रोमिल अँड जुगल’ आली, दोन मुलांच्या प्रेमाची, एक पंजाबी घरातला आणि एक तमिळ. तेव्हा आपल्याकडे असं प्रेम कायद्याने गुन्हा होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा काढून टाकला.

मग एप्रिल २०२१ मध्ये ‘हिज स्टोरी’ आली. यात नवरा-बायकोचा जुना संसार आहे, मुलं वाढलेली आहेत, आणि नवऱ्याचं दुसऱ्या एका पुरुषावर प्रेम आहे. साक्षी नावाच्या त्या बायकोचं काम प्रियामणीने केलं. आमचे कान इथे टवकारले, कारण थायलंडच्या मालिकांत नसलेली बाई इथे मधोमध होती. पण हिरमोड इथेही झाला. झुंबरांची घरं, भारी कपडे, आणि तिचं दुःख म्हणजे भागाच्या शेवटी द्यायचा एक धक्का. तिच्या जागी कमाई नसलेली, माहेरचा आधार तुटलेली बाई असती तर? ती कुठे गेली असती? हे मालिका विचारत नाही. या मालिकेचं पोस्टरसुद्धा ‘लोएव्ह’ या आधीच्या चित्रपटाच्या पोस्टरसारखं निघालं, आणि कंपनीला माफी मागावी लागली.

ही बाई आपल्या ओळखीची आहे. गावात मुलगा लग्नाला तयार होत नाही. टाळतो, चिडतो, घर सोडून जाईन म्हणतो. आपण काय म्हणतो? “लग्न करून द्या, सुधारेल.” आणि कुणाची तरी वीस-बावीस वर्षांची लेक त्या घरात येते. नवरा मारत नाही, दारू पीत नाही, पण जवळही येत नाही. दोन वर्षांनी तिलाच विचारतात, पाळणा का हलत नाही? तिची काहीच चूक नसते. त्या मुलाचीही ती नसते. घाई केलेली असते मोठ्यांनी, आणि त्या मोठ्यांत आपण आया-मावश्याही असतो.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवायचं. मुलाला मुलगा आवडणं किंवा मुलीला मुलगी आवडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला ते आजारांच्या यादीतून काढलं. औषध, शॉक, बाबा-बुवा, लग्न, कशानेही ते ‘बरं’ होत नाही, कारण बरं होण्यासारखं काही झालेलंच नसतं. असे उपचार करणं डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्याकडे दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला मात्र अजून कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते संसदेवर सोडलं. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं नोंदवता येतात. आग्नेय आशियात असं करणारा तो पहिला देश.

मग चांगली गोष्ट कुठे बघायची? ती सापडली मराठीतच. रोहन परशुराम कानवडे या मुंबईत वाढलेल्या दिग्दर्शकाचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये त्याला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांसाठीचा सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला, आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडे सिनेमागृहांत लागला. याच मुंबईत, गोरेगावच्या सिनेमागृहात, २ डिसेंबर १९९८ ला ‘फायर’ हा दोन जावांच्या प्रेमाचा चित्रपट जमावाने घुसून बंद पाडला होता, आणि त्या जमावात बायकाही होत्या. तिथपासून इथपर्यंत यायला जवळपास सत्तावीस वर्षं गेली.

‘साबर बोंडं’मध्ये झुंबर नाही. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील वारले म्हणून आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, त्याचे नियम, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, “लग्न कधी?” गावात त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा आहे. दोघं शेताकडे, झाडाखाली बसतात, फार बोलत नाहीत. बाळ्या त्याला साबराची बोंडं आणून देतो. काटे काढल्याशिवाय आतला लाल गोडवा हाती येत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं. आणि या गोष्टीत आई आहे. तिला सगळं ठाऊक आहे. ती भाषण करत नाही, नातेवाइकांसमोर मुलाला सांभाळून घेते. ती काम जयश्री जगताप यांनी केलंय. सुतकाच्या घरात, पाहुण्यांच्या गराड्यात एक आई लेकासाठी काय-काय करू शकते, हे कळायला आम्हाला खाली अक्षरं वाचावी लागली नाहीत.

तेव्हा लेकीचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा, “मलाही दाखव” म्हणा. बघताना तिला विचारा, आणि हेच प्रश्न गटाच्या बैठकीतही घ्या. यात कुणी कुणावर जबरदस्ती केली का? हसू कुणाचं केलं? बाईला काय काम दिलं? आणि हे प्रेम आपल्या गावात, आपल्या आळीत असतं तर दोघांना राहायला जागा मिळाली असती का?

एखाद्या घरात मुलगा लग्न नको म्हणत असेल तर मुलगी बघायला निघण्याआधी त्याला एकट्याला जवळ घ्या, विचारा, आणि तो सांगेल ते गावभर करू नका. बोलायला कुणी हवं असेल तर मुंबईत सांताक्रूझ-वाकोल्याला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे. अशा मुलांच्या आईवडिलांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे, त्यात आपल्यासारख्याच आया आहेत. आणि ज्यांच्या घरी लेक लग्नाची आहे त्यांनीही स्थळ बघताना जमीन, पगार, घर यांच्याबरोबर एक गोष्ट जरूर करावी. मुलाला आणि मुलीला एकांतात बोलू द्यावं, आणि मुलाला विचारावं, “हे लग्न तुला स्वतःला करायचंय ना?” तो गप्प राहिला, तर सुपारी फोडायची घाई करू नका.