बारावी सुरू झाली, पण अकरावी संपली का?

भागात बोलले ते बरंचसं तसंच खाली दिलंय, ऐकायला जमलं नाही तर वाचा.

जूनच्या शेवटी आमचं ज्युनिअर कॉलेज उघडलं. उन्हामुळे विदर्भात शाळा-कॉलेज बाकी महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा सुरू होतात ना. पहिल्याच दिवशी ऑटोत शेजारच्या काकू म्हणाल्या, "औंदा बारावी ना तुही? वर्षभर अभ्यास कर बरं!" घरी येऊन कॅलेंडर काढलं. वर्ष कुठंय? २०२५ मध्ये बोर्डाचे लेखी पेपर ११ फेब्रुवारीला सुरू झाले, प्रॅक्टिकल त्याच्याही आधी. म्हणजे हातात सात-साडेसात महिने, त्यात दिवाळी.

आणि अकरावी मी ढकलली होती, खोटं कशाला बोलू? "अकरावीचे मार्क कोण विचारतं," असं सगळेच म्हणायचे. बोर्डापुरतं ते खरं आहे, बारावीच्या मार्कशीटवर अकरावीचा एकही मार्क येत नाही. पण एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात. नीटमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १ वजा. सीईटीत मार्क वजा होत नाहीत, एवढाच दिलासा.

बरं, बारावीतही अकरावी सुटत नाहीच. फिजिक्सचं पुस्तक उघडलं तर इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या धड्यात सुरुवातीलाच गाऊसचा नियम वापरायचा आहे. तो नियम शिकवलाय अकरावीत, आणि त्या दिवसांत मी काय करत होते ते विचारू नका!

मग बोर्ड सोडून द्यायचं का? अजिबात नाही. ओपनमधून इंजिनीअरिंगला जायचं तर बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून किमान ४५ टक्के लागतात. मेडिकलला बायोलॉजी धरून ५०. राखीव प्रवर्गांना दोन्हीकडे ४०. तिथून पुढे नंबर लागतो तो प्रवेश परीक्षेवर.

आमच्या सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं. पूर्वी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची, तिच्यात गांधीविचारांचाही पेपर होता. आता तिथेही नीटच.

बाबांना वाटतं, मी तिथे डॉक्टर व्हावं. मी चारही विषय घेतलेत, म्हणून त्यांना वाटतं दोन्ही परीक्षा होतील. पण नीटमध्ये निम्मे प्रश्न बायोलॉजीचे, सीईटीत माझ्या ग्रुपला निम्मे मार्क मॅथ्सचे. सात महिन्यांत बोर्ड, त्यात अकरावीची उधारी, आणि वर हे दोन्ही? मला नाही जमणार. मला सीईटीच द्यायचीय.

हे अजून घरी सांगितलेलं नाही. हा भाग बाबांनी ऐकायच्या आधी, आज जेवताना सांगणार आहे. आणि उद्या सकाळी सहा वाजता अकरावीचा गाऊस.