शब्दांची कुळे आणि प्रवेश परीक्षा

संस्कृतचे दार बंद असल्याने बाबासाहेबांना शाळेत फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोहोचले. आज दार उघडे आहे. मुले अडतात ती शब्दांच्या उंबरठ्यावर. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतली मराठी माध्यमाची मुले बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी देतात, तेव्हा इतर विभाग मराठीतून सोडवता येतात. इंग्रजीचा विभाग मात्र इंग्रजीतच असतो.

याद्या घोकून शब्द टिकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. इंग्रजी शब्दांचीही तशीच कुळे असतात. लॅटिन 'डिक्ट' म्हणजे बोललेले. 'प्री' म्हणजे आधी, म्हणून 'प्रेडिक्ट' म्हणजे भाकीत करणे. 'काँट्रा' म्हणजे विरुद्ध, म्हणून 'काँट्रॅडिक्ट' म्हणजे खोडून काढणे. 'व्हर्डिक्ट' म्हणजे खरे बोल, अर्थात न्यायनिवाडा. फलाटावरचा 'इंडिकेटर'ही याच कुळातला. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. तेव्हा अनोळखी शब्द सोडून न देता मुळावरून ताडावा.

रोज पाच शब्द घ्यावेत, प्रत्येकाचे स्वतः वाक्य करावे आणि दुसऱ्या, सातव्या व एकविसाव्या दिवशी उजळणी करावी. लेखनिविष्ट होण्यापूर्वी त्रिपिटक भिक्खुसंघाने सज्झायनेच जपले होते.

वाचनासाठी संविधानाची उद्देशिका घ्यावी. तिच्यातील 'फ्रॅटर्निटी'चे मूळ 'फ्रॅटर', आपल्या 'भ्राता'चा सख्खा नातलग. आपल्या लेकींना उद्या न्यायालयात उभे राहून याच शब्दाचा अर्थ मांडायचा आहे.