पेसमेकरच्या जागी लाली दिसल्यास वाट पाहू नका

हृदयाचे ठोके मंद पडत असल्यास पेसमेकर, तर ते धोकादायक वेगाने पडत असल्यास विद्युत झटका देणारे आयसीडी हे उपकरण शस्त्रक्रियेने बसवले जाते. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, त्वचेच्या आत, उपकरणाची लहान डबी असते. तेथून बारीक तारा रक्तवाहिनीतून हृदयात जातात. बहुसंख्य रुग्णांना जंतुसंसर्ग होत नाही. परंतु झाल्यास तो तारांवाटे रक्तात व हृदयात पोहोचू शकतो.

केवळ गोळ्यांनी संसर्ग का बरा होत नाही?

त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे जंतू उपकरणाला चिकटून स्वतःभोवती चिवट थर तयार करतात. त्या थरात प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. गोळ्यांनी लाली तात्पुरती कमी होते, जंतू मात्र तेथेच राहतात. अशा वेळी बहुधा डबी व सर्व तारा काढाव्या लागतात. म्हणूनच आरंभीची सावधगिरी महत्त्वाची आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी

• ताप, लघवीची जळजळ किंवा अंगावर फोड असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. गरजेनुसार शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.
• मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, औषधांची ॲलर्जी व चालू औषधे यांची माहिती द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत.
• छातीवरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. त्याने त्वचेवर सूक्ष्म जखमा होतात.
• बॅटरी संपल्यावर डबी बदलतानाही हीच काळजी घ्यावी. तेव्हा संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो.

घरी आल्यानंतर

• रुग्णालयाने सांगितलेल्या दिवसांपर्यंत जखम कोरडी ठेवावी. साबणाने हात धुतल्याशिवाय पट्टीला स्पर्श करू नये.
• जखमेवर हळद, तेल, राख किंवा पावडर लावू नये. शेक देऊ नये.
• सूज आल्यास ती दाबू नये. सुईने पाणी किंवा रक्त काढून घेऊ नये. सुईवाटे जंतू आत जाऊ शकतात.
• पिशवीचा किंवा कपड्याचा पट्टा त्या जागी घासू देऊ नये.
• मधुमेह असल्यास रक्तातील साखर नियंत्रणात ठेवावी.

ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे

• डबीच्या जागी लाली, उष्णता, वेदना किंवा वाढती सूज
• जखमेतून पू अथवा पाणी येणे, जखम उघडणे
• त्वचा पातळ होणे, डबी किंवा तार दिसू लागणे
• स्पष्ट कारण नसलेला ताप, हुडहुडी भरणे

ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्भवू शकतात. तो साधा फोड समजून औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेऊ नये. शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी व्हावी लागते. आधीच गोळी घेतल्यास जंतूंची ओळख पटणे अवघड होते. शक्य असल्यास उपकरण बसवलेल्या रुग्णालयातच जावे. रुग्णाची शुद्ध हरपत असल्यास, श्वास लागल्यास किंवा तीव्र अशक्तपणा आल्यास 112 वर संपर्क साधून तातडीची मदत मागवावी.

दात काढण्यापूर्वी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी उपकरणाची माहिती द्यावी. केवळ पेसमेकर आहे म्हणून दातांच्या उपचारापूर्वी प्रतिजैविक घेण्याची सहसा गरज नसते. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. उपकरणाचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे आणि ते कोठे ठेवले आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे.